पाच व्होल्ट

चौबाऱ्यावरून देगलूर रोडला लागलं की
शिवलिंगअप्पांचं पेंडीचं दुकान,
आणि मागच्या खोलीत चार मशिनी.
सरकीच्या वासात विमानं पाडायचो आम्ही,
एका रुपयात तीन जीव.

मशीन बंद पडली की बिदरहून गौसोद्दीन उस्ताद यायचे,
सकाळच्या एसटीनं, रेक्झिनची पिशवी मांडीवर.
पिशवीत मीटर, कथील, शाळेचा खोडरबर,
कधीकधी एखादं लिंबू.

"पैले देख. फिर सूंघ. छूना सबसे आखिर में."
जळलेल्या रेझिस्टरचा वास वेगळा,
बोर्डावर मेलेल्या पालीचा वेगळा,
आणि टोपी फुगलेला कपॅसिटर
शुक्रवारच्या मासळीसारखा घाणतो,
हे मला शाळेआधी कळलं.

मशीन मधेच स्वतःहून पहिल्यापासून सुरू व्हायची.
अप्पा म्हणायचे, हिच्या अंगात आलंय.
उस्ताद मीटर लावायचे. चार पूर्णांक सहा.
"भूकी है."
मग मागच्या बारक्या पिवळ्या स्क्रूला
लेकराला चमच्यानं पाजावं तसं
जरासं फिरवायचे.
पाच. बास.

खोडरबर लागायचा तो बोर्डाच्या सोनेरी दातांना.
एकाच दिशेनं, हलक्या हातानं.
गेलेला आवाज परत यायचा,
कधी यायचाही नाही.

काचेची नळी मात्र आम्हाला शिवायची नाही.
प्लग काढला म्हणून ती झोपली असं समजायचं नाही.
डावा हात पाठीमागं ठेवून
लांब स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवायचे,
त्याची वायर पत्र्याला घट्ट बांधलेली.
चट्!
आणि ती मशीन आदल्या दिवसापासून बंद होती.

मग बारका रुपया निघाला.
मशीन जुन्याच रुपयाला ओळखायची.
नवा आत टाकला की खालून परत,
सोयऱ्यानं आहेर फिरवावा तसा.
उस्तादांनी फट आवळली, तारेचं वजन उतरवलं,
आणि त्या खटाटोपात डब्यातून निघाले
दोन वॉशर, एक बटण,
आणि दोऱ्याला बांधलेला एक रुपया.
दोरा खाकी.
उस्तादांनी दोरा बघितला. माझी चड्डी बघितली.
अप्पांना म्हणाले, "कचरा है."
दुसऱ्या खेपेपासून पिशवी माझ्या खांद्यावर.

तिसऱ्या मशिनीत नावं राहायची.
दहा जणांची, तीन-तीन अक्षरांची.
ती सांभाळणारी बॅटरी एका उन्हाळ्यात फुटली,
हिरवं पाणी तांब्याच्या रेघा खात निघालं.
उस्तादांनी लिंबू कापलं.
गिऱ्हाईकं म्हणाली, उतारा करतोय.
ते दात घासायच्या ब्रशनं रस चोळत राहिले,
मग पाण्यानं धुऊन बोर्ड उन्हात ठेवला, पापडाशेजारी,
आणि तुटलेल्या रेघांवर केसाएवढी तार डकवली.

पण त्याआधी, बॅटरी कापायच्या आधी,
त्यांनी मशीन शेवटची चालू केली.
"लिख."
पेंडीच्या पावतीमागं मी लिहून घेतली
दहाची दहा नावं, आकड्यांसकट.
सातवा मी होतो.

आता माझं मोबाईलचं दुकान आहे.
पावती गल्ल्यात आहे, शाई पिवळी पडली.
व्ही के पी म्हणजे कोण, आठवत नाही.
एम ए आर बहुतेक मारुती, हैदराबादला गेलेला,
नाहीतर आडतीवरचा तो मारवाड्याचा.
विचारणार कोणाला? अप्पा नाहीत.
उस्तादांचा नंबर लावला तर
कुणी बाई कानडीत बोलते.

परवा लातूरच्या एका हॉटेलवाल्यानं
भंगारातून तीच मशीन उचलली, शोभेला.
म्हणाला, चालू झाली तर बघा, नाहीतर आत दिवे लावू.
मीटर लावला. चार पूर्णांक चार.
वरच्या दहाही ओळींत
ए ए ए, ए ए ए.

पडदा लोळत होता, नळीकडं जावं लागणार होतं.
प्लग काढला.
पोरगं मोबाईलवर शूटिंग करत जवळ यायला लागलं.
म्हणलं, सरक मागं. अजून जागी आहे ती.
डावा हात आपोआप पाठीमागं गेला.